नारायणगडची वाट आणि डोंगरी सायकल

मराठवाड्यांत पसरलेल्या डोंगररांगेस बालाघाट असें नांव आहे. संस्कृताच्या अध्यापनांत जन्म गेलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या मनांत ‘बाला’ शब्द आला कीं, प्रथम एखादी मुलगी उभी राहावयाची. आणि या घाटाच्या नांवामागेंही अशीच कांहीं कथा असेल, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. पुढें फारसी जाणणाऱ्या एका सहाध्यापकांनीं माझा भ्रम दूर केला. ‘गुरुजी, ही बाला तुमची नव्हे,’ ते हंसून म्हणाले, ‘फारसींत बाला म्हणजे वरचा. वरचा तो बालाघाट, आणि खालचा तो पाईनघाट.’ दोनशें वर्षांहून अधिक काळ निजामी अमलाखालीं असलेल्या प्रांतांत फारसी नांव असावें, यांत नवल तें काय? परंतु ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचाही अर्थ त्या त्या मुलखांतल्या माणसास विचारून घ्यावा, ही गोष्ट तेव्हांपासून मनांत ठसली. सन २०२५ च्या कार्तिकांत नारायणगडावर मला तोच अनुभव पुनः आला. या खेपेचा शब्द होता ‘फायदा’.

त्याचें असें झालें. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यानें एक डोंगरी सायकल घेतली. तिची किंमत ऐकून आमच्या मातोश्रींनीं, ‘इतक्या पैशांत दुभती म्हैस आली असती,’ असा अभिप्राय दिला. पुढें दर रविवारीं तो मित्रांसह सिंहगडच्या बाजूस जाऊं लागला, तेंही आम्हीं चालवून घेतलें. परंतु त्या वर्षीं गणपतीस घरीं आला तो नवाच विचार घेऊन. नोकरी सोडावी, चौघां मित्रांनीं भांडवल घालावें, आणि शहरांतल्या हौशी मंडळीस सायकलीवरून डोंगर हिंडवून आणण्याचा उद्योग काढावा. प्रारंभ बालाघाटांत करावा, आणि वर्षांतून एकदां नारायणगडाच्या भोंवतीं शर्यत लावावी! त्याच्या वांट्याचें भांडवल म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबाच्या ठेवींतील एक मोठी रक्कम. बंधु गप्प राहिले. भावजय माजघरांत जाऊन डोळे पुसूं लागली.

चिरंजीवांचें म्हणणें दोन कलमांचें होतें. एक, सायकलीस तेल लागत नाहीं, धूर होत नाहीं. तेव्हां डोंगरास तिचा उपद्रव नाहीं. दुसरें, चार पाहुणे आले कीं चार पैसे येतात. तेव्हां ज्या मुलखांतून दरसाल कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात, त्या मुलखास हा मोठाच आधार. शेवटीं बंधु मला म्हणाले, ‘दादा, तुम्ही त्याच्याबरोबर जाऊन या. डोळ्यांनीं पाहा. मग काय तें ठरवूं.’

कार्तिकी एकादशी होऊन चार-पांच दिवस झाले होते. मुलें पुण्याहून मोटारीच्या पाठीस सायकली बांधून निघालीं. मीं अहिल्यानगराहून बीडची आगगाडी धरली. ही गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनीं, सुरू झाली. अंतर सुमारें १६६ किलोमीटर. हाच मार्ग पुढें परळीस न्यावयाचा आहे. बीडकरांच्या दोन-तीन पिढ्यांनीं या गाडीची वाट पाहिली. माझ्या डब्यांत एक वृद्ध बाई नातवास खिडकीशीं बसवून प्रत्येक स्टेशनाचें नांव मोठ्यानें वाचून दाखवीत होत्या. त्या स्वरांत जो आनंद होता तो तिकिटाच्या किंमतींत बसणारा नव्हे. बाहेरचें दृश्य मात्र मन खिन्न करणारें होतें. सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि होऊन सिंदफणेस व इतर नद्यांस पूर आले होते. ओढ्याकांठचीं शेतें खरवडून निघालेलीं, वरची काळी माती गेलेली, आणि खालचा मुरूम हाडांसारखा उघडा पडलेला. ‘पीक गेलें तर वर्ष जातें, पण माती गेली म्हणजे पिढी जाते,’ असें शेजारचे एक गृहस्थ बोलले. त्यांचें तें वाक्य मला पुढें दोन दिवस सोडीना.

बीड शहर बिंदुसरेच्या कांठीं वसलें आहे. शहराबाहेरची खजाना विहीर पाहावयास मीं दोन तास काढले. निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत, ती बांधली. विहीर म्हटली म्हणजे पाणी वर ओढावयाचें, ही आपली समजूत. परंतु या विहिरीचें पाणी जमिनीखालच्या पाटानें आपोआप उताराकडे शेतांस जावें, अशी तिची रचना आहे. मोट नाहीं, बैल नाहीं. केवळ उतार ओळखून पाण्यास वाट करून दिलेली. उतारावर पाण्यास वाट मिळाली म्हणजे तें काय करूं शकतें, याचा हा उत्तम पक्ष. दुसरा पक्ष मला दुसऱ्याच दिवशीं पाहावयाचा होता.

नारायणगड बीडपासून मोटारीनें तासाभराच्या आंतला. गड म्हटला कीं आपल्या नजरेपुढें तट आणि बुरूज येतात. येथें तसें कांहीं नाहीं. डोंगरावरचें हें देवस्थान आहे. संत नारायण महाराजांचें हें स्थान, आणि लोक त्यांस ‘नगद नारायण’ म्हणतात. नगद म्हणजे उधारी नाहीं. भक्तीचें फळ रोख पदरांत, असा त्या नांवाचा अर्थ मीं आपल्यापुरता लावला. पंचक्रोशींत या स्थानास धाकटी पंढरी म्हणतात, आणि आषाढीस ज्यांना भीमातीर गांठणें जमत नाहीं ते येथें येऊन माथा टेकतात. पुढें भगवानगड ज्यांच्या नांवानें प्रसिद्ध झाला ते भगवानबाबाही आरंभीं याच गडावर होते. सन २०२४ च्या दसऱ्यास येथें फार मोठा मेळावा भरला आणि गडाचें नांव वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रभर झालें. मीं गेलों त्या दिवशीं मात्र गडावर शांतता होती. सायंकाळची आरती झाली, टाळांचा नाद विरला, आणि खालच्या वस्तींतले दिवे एकेक करून लागूं लागले. कांहीं घरांचे दिवे लागलेच नाहींत. तीं घरें ऊसतोडीस गेलेलीं होतीं.

सकाळीं डोंगर नीट पाहिला. बालाघाटाचे डोंगर माथ्यावर सपाट आणि कडेस पायऱ्यापायऱ्यांचे. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक थिजून झालेले. त्या काळ्या पाषाणावर मुरूम, आणि मुरमावर वीतभर मातीचें पांघरूण. त्यावर बोरी, बाभळी, लिंब आणि सीताफळी. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच बालाघाटाच्या उन्हातान्हांत वाढणाऱ्या झाडांमुळें. उतारावर आडव्या रेघा ओढल्यासारखे समतल चर खणलेले होते, आणि चरांच्या खालच्या अंगास मातीचे बांध घातले होते. पावसाचें धांवतें पाणी चरांत थांबावें, मुरमांत मुरावें, आणि खालच्या विहिरींस उन्हाळ्यांत दोन हात अधिक पाणी राहावें, एवढ्यासाठीं ही सारी मेहनत असते.

आतां त्या सायकलीविषयीं दोन शब्द. आम्ही शाळेस जावयास जी काळी सायकल वापरीत होतों, तिची ही नात म्हणावी. पण नातीचा थाट निराळा. चाकें जाड, त्यांच्या धांवांवर मगरीच्या पाठीसारखे दांते, पुढच्या दांड्यांत धक्का खाणाऱ्या कमानी, आणि चढावर पाय हलका करणारे दंतचक्रांचे फेर. हिचा जन्म अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मरीन प्रांतीं १९७० नंतरच्या दशकांत झाला. तेथील कांहीं तरुणांनीं जुन्या जाड चाकांच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेनें खालीं सोडावयास सुरुवात केली. १९७६ पासून त्यांच्या शर्यतीही लागूं लागल्या. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिकांत हा खेळ मान्य झाला. परंतु जेथें खेळ वाढला तेथें भांडणही वाढलें. पायीं फिरणारे म्हणूं लागले, आमच्या वाटा उखडल्या. सायकलवाले म्हणाले, तुमच्या बुटांनींही उखडतात. अमेरिकेच्या वनखात्यानें तर १९८४ सालीं राखीव निबिड अरण्यांतून सायकलीस स्पष्टच मज्जाव केला.

आदल्या रात्रीं एक सर पडून गेली होती. मुलांस त्याचा आनंदच. ओली माती चाकास चांगली धरते म्हणे. गाडरस्ता सोडून तीं चौघें उतारानें सरळ खालीं निघालीं. मी वर एका दगडावर बसून पाहात होतों. तीं खालीं जात असतां मन धसकत होतें हें खरें, पण त्यांचें कौशल्य पाहून अभिमानही वाटला, हें लपवीत नाहीं. मध्यें दोन चर आडवे आले. मुलांनीं वेग आवरण्यासाठीं गतिरोध दाबला, मागचीं चाकें फरफटलीं, आणि बांध फोडून चौघेही पलीकडे गेलीं. एकाच वाटेनें तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळीं खालीं एक वृद्ध शेतकरी काठी टेंकून उभा होता.

तो रागावला नाहीं. त्यानें मुलांस चराशीं नेलें आणि बांधांत पडलेली खांच काठीनें दाखविली. खांच जेमतेम चार बोटें रुंद. परंतु चरांत रात्रीं सांठलेलें पाणी तींतून बारीक धार धरून वाहूं लागलें होतें, आणि चाकाच्या घळींतून थेट खालच्या बांधाकडे चाललें होतें.

‘लेकरांनो, सायकल लई झ्याक हाय,’ तो म्हणाला, ‘पर पाण्याला वाट दावायची नसती. आम्ही त्याला थांबवायला चार उन्हाळे खांदलंय.’

मुलें ओशाळलीं. पुतण्यानें निमूटपणें जाऊन वस्तींतून दोन फावडीं मागून आणलीं, आणि दुपारपर्यंत चौघांनीं दोन्ही बांध पूर्ववत् घातले. त्या श्रमांत त्यांचे हात सोलले. माझ्या मतें त्या दिवसांतलें तें सर्वांत उपयोगी शिक्षण होय.

जेवणानंतर आम्ही लिंबाखालीं बसलों. तो वृद्धही आला. वस्तींतले आणखी दोघे-तिघे आले. पुतण्याची बाजू दुबळी नव्हती, आणि त्यानें ती चांगली मांडली. अमेरिकेंतील मोंटाना संस्थानांतल्या डोंगरवाटांवर झालेली एक परीक्षा १९९४ सालीं प्रसिद्ध झाली आहे. घोडे, पादचारी, मोटारसायकली आणि डोंगरी सायकली यांच्या सारख्याच फेऱ्या करून पाहिल्या, तों खुरांनीं आणि पायांनीं चाकांपेक्षां अधिक माती सुटी झाली. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका परीक्षेंत, पांचशें फेऱ्यांनंतरही चालणारा आणि सायकलवाला यांच्या उपद्रवांत मोठा भेद दिसला नाहीं. ‘मग, काका,’ तो म्हणाला, ‘येथें आषाढीस एवढीं पाउलें चढतात त्यानें डोंगर झिजत नाहीं, आणि आमच्या आठ चाकांनीं झिजतो?’

प्रश्न खरा होता, आणि त्यास खरेंच उत्तर दिलें पाहिजे होतें. मीं त्याच परीक्षांचें सविस्तर वर्णन मोबाइलवर वाचून दाखवावयास सांगितलें. त्यांतून असें निघालें कीं, तेथील मोजमाप एका फेरीस एक फेरी असें आहे. पायीं माणूस दिवसाकांठीं जेवढी वाट तुडवितो, तिच्या कितीतरी पट वाट सायकल त्याच वेळांत तुडविते. तो हिशेब त्यांत येत नाहीं. दुसरें, पाऊल सुटें उमटतें. तुडविलेला खळगा पाणी धरून ठेवतो. चाकाची रेघ अखंड असते, आणि ती उताराच्या दिशेस असली म्हणजे ओहोळाचा आरंभच होय. फरफटलेल्या चाकाची तर ती खोल घळ होते. तिसरी गोष्ट या विषयांतले जाणते सर्वच सांगतात: कोऱ्या गवताळ उतारावर पहिल्या थोड्या फेऱ्यांतच अधिकांत अधिक नुकसान होतें, एकदां वाट रुळली, खालचा कठीण मुरूम लागला, कीं पुढच्या हजारों पावलांनीं त्या मानानें थोडेंच वाढतें. वारकऱ्यांची वाट ही अशी पिढ्यान्पिढ्यांची रुळलेली वाट आहे. आमचीं मुलें जेथून उतरलीं तेथें आदल्या दिवशींपर्यंत वाटच नव्हती. पायापेक्षां चाक पापी, असें कांहीं नाहीं. वाट कोणती आणि दिवस कोरडा कीं ओला, यावर सारें आहे.

हें पहिलें कलम झालें. दुसऱ्या कलमावर तो वृद्ध स्वतःच बोलला. ‘गुरुजी, फायदा म्हंत्यात तो कुनाचा?’ त्यानें एवढेंच विचारलें.

जन्मभर मुलांचे जमाखर्च तपासले असल्यानें मीं वहीच काढली. सायकली पुण्याच्या दुकानांतल्या. मोटारीचें तेल हमरस्त्यावर भरलेलें. खाण्याचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या पुण्याहून बांधून आणलेल्या. रात्रीं निजावयास गडाचा आश्रय आणि जेवावयास देवाचा प्रसाद. वस्तीच्या पदरांत काय पडलें? दहा कप चहाचे शंभर रुपये, आणि मीं घरच्यासाठीं घेतलेल्या सीताफळांच्या पाटीचे दोनशें. उलट बाजूस दोन फुटलेले बांध, तेही म्हातारा वेळेवर आला म्हणून जोडले गेले. नगद नारायणाच्या दारीं हा हिशेब मोठ्यानें वाचतांना मला लाज वाटली.

पुतण्यानें मोआबचा दाखला दिला, आणि तो विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेंतील यूटा संस्थानांतलें हें गांव दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमच्या खाणींवर भरभराटलें. १९८० नंतरच्या दशकांत खाणधंदा बसला आणि गांवावर अवकळा आली. तेव्हां तेथील खडकांवरच्या सायकलवाटांनीं पाहुणे आणले. खाणावळी, दुकानें, उतारूंचीं घरें उघडलीं, आणि गांव पुनः उभें राहिलें. परंतु पुढें घरांच्या किंमती आणि भाडीं इतकीं चढलीं कीं, जीं माणसें तेथें भांडीं घासतात आणि वाढतात त्यांनाच तेथें राहणें दुरापास्त झालें. आपल्याकडचें उदाहरण कासच्या पठाराचें. सातारा जिल्ह्यांतलें हें फुलांचें पठार २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गणलें गेलें, आणि गर्दी इतकी लोटली कीं दिवसाकांठीं ३,००० माणसांची मर्यादा घालावी लागली. तेथें एक गोष्ट चांगली झाली: प्रवेशशुल्क घेण्याचें आणि पठार राखण्याचें काम भोंवतालच्या गांवांच्या वनसमित्यांकडे आलें, आणि हंगामांत गांवच्या पोरांस गांवांतच काम मिळूं लागलें. आणि एक गोष्ट शिकविणारी झाली: फुलें राखण्यासाठीं घातलेलें कुंपण पुढें काढावें लागलें, कारण गुरें चरावयाचीं थांबल्यानें गवत माजतें आणि फुलें मागें हटतात, असा अनेकांचा अनुभव झाला. डोंगराचें हित कशांत, हेंही तेथें पिढ्यान्पिढ्या गुरें चारणाऱ्यास विचारावें लागतें.

वस्तींतल्या एका तरुणानें मध्येंच विचारलें, ‘शर्यत झाली तर आमच्याकडं उतरतील का मानसं? माझी माय भाकरी करील. मी पंक्चरबी काढतो.’ तो त्या वर्षीं ऊसतोडीस गेला नव्हता. आई आजारी होती. त्याच्या प्रश्नांत आशा होती, आणि ती पाहून ‘हा शहरी चाळा येथें नको’ असें तोडून टाकणें मला जमेना. सहा महिने परमुलखांत उसाच्या फडांत खोपींत राहणाऱ्या माणसास आपल्या दाराशीं दोन महिन्यांचें काम मिळालें, तर तो लहान लाभ नव्हे.

घरीं आल्यावर बंधूंस मीं माझें मत सांगितलें तें असें. ठेवीस आज हात लावूं नये, आणि चिरंजीवांनीं नोकरीही सोडूं नये. एक वर्ष सुट्ट्यांपुरता हा उद्योग करून पाहावा. सायकल गाडरस्त्यानें आणि रुळलेल्या वाटेनेंच न्यावी, चरांच्या उतारावर कदापि नाहीं. पाऊस पडून गेल्यावर माती सुकेपर्यंत डोंगरावर चढूं नये. उतरणें, जेवणें, दुरुस्ती हें सारें वस्तींतल्या घरींच व्हावें, आणि त्याचे पैसे रोख द्यावे. देवाचा प्रसाद पोट भरण्याची सोय म्हणून हिशेबांत धरूं नये. वर्षाअखेर जमाखर्च त्या लिंबाखालीं मोठ्यानें वाचावा, आणि वस्ती ‘फायदा झाला’ म्हणाली तरच कुटुंबाच्या ठेवीचा विचार करावा.

बंधूंस हें पटलें. पुतण्या दोन दिवस घुम्यासारखा वागला. त्याला वर्षभर थांबणें म्हणजे नकारच वाटला. भावजयीला तर माझें ‘एक वर्ष’ हेंही अधिक वाटतें, आणि तिचें भय मला समजतें. तथापि माघांत तो एकटाच जाऊन त्या तरुणाच्या घरीं दोन रात्रीं राहून आला. आल्यावर आपण होऊन वही पुढें ठेवली. भाकरी, दूध, झोपावयाची जागा, आणि वाट दाखविल्याची मजुरी, सारें लिहिलेलें होतें. खालीं एक ओळ अधिक होती: फावडें नवें, एक, वस्तीस दिलें.

मातोश्रींनीं ती ओळ मला दोनदां वाचावयास लावली. म्हशीचा विषय मात्र त्यांनीं अद्याप सोडलेला नाहीं.